औषधाच्या मापानं

मी बाटली पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वर्तमानपत्राचा कागद सोडवताना तो इतका वाजला की बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"काय गो आणलंस?"

"जिन."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. म्हणजे सरावासाठी. उद्या ट्रायल आहे."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. ते वळले आणि मागच्या अंगणात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. ते परत आले तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि तोंडात लवंग होती. चौदा महिने ते दिवसभर लवंग चघळायचे.

चौदा महिने म्हणजे त्यांनी दारू सोडली त्याला झालेले. त्याआधी बावीस वर्षं ते देवळाली कॅम्पाजवळच्या एका क्लबात बारमन होते. विश्राम पेडणेकर. वेंगुर्ल्याहून विसाव्या वर्षी आलेला माणूस, काउंटरमागे उभं राहायला शिकला आणि हळूहळू काउंटरमागेच प्यायलाही शिकला. शेवटी क्लबाच्या वर्धापनदिनाला भर पाहुण्यांत ग्लासांच्या ट्रेसकट पडला. आईला क्लबातून फोन आला. ती सूतिकागृहात नर्स होती. ड्युटीवरून तशीच, पांढऱ्या साडीत रिक्षा करून गेली आणि पायरीवर बसलेल्या बाबांना घेऊन आली. नोकरी गेली. आता ते एका रोपवाटिकेत काम करायचे, कलमं बांधायचे. गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी गुरुवार होता.

"कसली ट्रायल?" त्यांनी विचारलं. ते अजून उंबऱ्याच्या पलीकडेच उभे होते.

"त्या मोठ्या हॉटेलची. मी आईला फ्रंट ऑफिससाठी म्हणून सांगितलंय. पण बारची आहे. बारा मुलं आहेत आणि मी एकटी मुलगी. प्रत्येकानं जिन आणि लिंबाचं एक जुनं कॉकटेल करून दाखवायचं. निवड झाली तर पुण्याला पोस्टिंग."

"पुण्याला."

"हो. राहायची सोय तेच करतात."

बाबा म्हणाले, "टॉम कॉलिन्स कर. साधं वाटतं. म्हणून सगळे त्यातच फसतात."

"दाखवाल?"

"सांगेन. हात लावणार नाही. बाटली तू उघडायची, तू ओतायची, झालं की तूच मोरीत टाकायचं. आणि मागचं दार सताड उघडं ठेव."

"आईला?"

"आईला मीच सांगेन, ती घरी आली की. तू सांगायचं नाहीस."

आईची ड्युटी दोन ते दहा होती. म्हणजे वेळ भरपूर होता. तरी मी दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते.

बाबांनी आत येऊन दाराजवळचं स्टूल ओढलं, पण बसले नाहीत. ओट्यापासून चार पावलांवर, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "पाक केलास?"

"करते. एकतारी?"

"छे गो, गुलाबजाम करत्येस काय? जेवढी साखर तेवढंच पाणी. साखर विरघळली की उतरव आणि गार कर. लिंबं कुठली आणलीस?"

"आपली कागदी."

"चांगली आहेत. पण रस जोरकस असतो त्यांचा. ओट्यावर ठेवून तळहाताखाली फिरव आधी. दाबून. हां. आता काप आणि पिळ. पण शेवटचा थेंब काढायचा हट्ट करू नकोस, साल कडू उतरते."

माप नव्हतं. मी आईच्या चावीनं कपाट उघडून खोकल्याच्या औषधाचं टोपण काढलं आणि धुतलं. त्याच्यावर पंधरा मिलीपर्यंत रेघा होत्या.

"चार टोपणं जिन," बाबा म्हणाले. "दोन लिंबाचा रस. एक पाक, आणि वर अगदी थोडा."

मी बाटलीचं बूच फिरवलं. सील तुटल्याचा तो कट् असा आवाज झाला आणि बाबा खिडकीशी गेले. वास सगळीकडे पसरला. पावसाळ्यात लाकडाच्या वखारीत येतो तसा काहीसा, ओल्या लाकडाचा आणि धुपाचा. बाबा खिडकीचे गज धरून बाहेर बघत होते. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मी चार टोपणं ओतली तेव्हा थोडी जिन ओट्यावर सांडली.

"पुसून घे," ते मागे न बघता म्हणाले. त्यांनी कसं ओळखलं, कोण जाणे.

शेकरच्या जागी मी फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला होता. त्यात बर्फ घातला, झाकण लावलं आणि हलवायला लागले.

"थांब. ताक घुसळत्येस का? खांद्याजवळ धर. पुढे-मागे. हाताने नको, अंगाने. आणि आवाज ऐक."

"कसला?"

"बर्फाचा. आत्ता खडे वाजतायत. थोड्या वेळानं आवाज बसेल. बसला की थांबायचं."

बाबांनी रिकाम्या हातांनी दाखवलं. दोन्ही मुठी उजव्या खांद्याजवळ गेल्या आणि खांदा, कोपर, मनगट असं सगळं एका लयीत हललं. हातात काहीच नव्हतं, पण मला बर्फ ऐकू आला असं वाटलं. मी एकवीस वर्षांची होते, हॉटेल मॅनेजमेंट शिकत होते आणि बाबांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. क्लबात आम्हाला जायची सोय नव्हती. आम्ही पाहिलं होतं ते काम झाल्यावरचं.

पहिलं मिश्रण मी उंच ग्लासात गाळलं, वर सोडा ओतला आणि एक घोट घेतला.

"बोल," बाबा म्हणाले.

"आंबट आहे."

"कुठे आंबट? जिभेच्या कडेला, की घशाशी?"

मी पुन्हा घोट घेतला. "घशाशी. आणि मागे कडवट."

"म्हणजे पिळलंस जास्त. टाक."

मी मोरीत ओतला. बाबांनी मान फिरवली, पण पाणी सोडून मी मोरी धुतेपर्यंत त्यांचे कान तिकडेच होते हे दिसत होतं. मग ते येरझारा घालायला लागले. खिडकी ते दार, दार ते खिडकी. लवंग संपली की डब्यातून दुसरी घ्यायचे. दोनदा अंगणात जाऊन आले. पण प्रत्येक वेळी परत येताना त्यांच्या डोक्यात पुढची सूचना तयार असायची.

"सोडा वरून धबधबा ओतू नकोस. ग्लास तिरका धर. ढवळायचं एकदाच, तळातून वर. बुडबुडे मारून टाकलेस तर मग सरबत द्यावं लोकांना."

दुसरा ग्लास गोड झाला. तोही टाकला. माझं डोकं हलकं झालं होतं, कान गरम झाले होते. मला वाटायला लागलं, आता पुरे, बाटली गुंडाळावी आणि बाहेर टाकून यावी. पण बाबांचा आवाज बदलला होता. घरात ते गेलं वर्षभर हळू बोलायचे, परक्याच्या घरी राहिल्यासारखे. आता मात्र ते मला हुकूम देत होते.

"तिसरा. घाई करू नकोस. माप डोळ्यांच्या रेषेत आण. हं."

तिसऱ्याला डबा हलवताना मला पहिल्यांदाच कळलं, आवाज बसतो म्हणजे काय होतं. खड्यांचा खळखळाट एकदम ओला, जड झाला. डब्याला बाहेरून दव चढलं आणि बोटांना गारठा झोंबला. मी थांबले.

"बरोबर," बाबा म्हणाले, मी विचारायच्या आत.

मी गाळलं, सोडा घातला, एकदा ढवळलं, लिंबाची चकती सोडली. बाबा एक पाऊल पुढे आले. तीन पावलांवरून वाकून त्यांनी ग्लास उजेडाच्या बाजूनं पाहिला. बुडबुडे एकसारखे वर येत होते.

"चव घेऊ?" मी विचारलं.

"थोडं थांब. आधी नुसता बघ. गिऱ्हाईक आधी बघतं."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

हॉटेलातून होता. एक बाई उद्याच्या उमेदवारांची नावं पडताळत होत्या. माझी जन्मतारीख त्यांच्या कागदावर चुकली होती. "एक मिनिट होल्ड करा," म्हणाल्या आणि गेल्या. फोनची वायर आखूड, भिंतीला लावलेली. तिथून स्वयंपाकघराच्या दाराची फक्त एक कड दिसायची.

मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले. स्वयंपाकघरात बाबा, ओट्यावर भरलेला ग्लास, बाजूला अर्ध्याहून जास्त बाटली. मी त्यांना तिथं एकटं सोडून आले होते.

एक मिनिट झालं. दोन. पावलं ऐकू आली. कुठलं तरी दार लागलं. मग बर्फ ग्लासाच्या काचेला लागतो तसा बारीक आवाज आला. एकदाच. मी म्हटलं, नसेल. पुन्हा आला.

"हॅलो, हां, वडिलांचं पूर्ण नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"विश्राम," मी म्हणाले. "विश्राम आत्माराम पेडणेकर."

"व्यवसाय?"

मला सुचेना. "नर्सरी," म्हणाले शेवटी आणि फोन ठेवून आत धावले.

ग्लास रिकामा होता. तळाशी बर्फाचे दोन तुकडे आणि लिंबाची चकती. बाबा नव्हते. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं आणि आत नळ धो धो वाहत होता.

मी दारावर मूठ मारली. "बाबा! दार उघडा!"

नळ बंद झाला. कडी निघाली. बाबांचं डोकं, सदरा, सगळं भिजलेलं होतं.

"प्यायलात ना?"

"नाही."

"मग ग्लास कुणी संपवला?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून ओट्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, पण मी तो चोरी पकडल्याचा समजले. मी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, खाली ओढला आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. लहानपणी रोज रात्री आई दारात हेच करायची. मी हे करेन असं मला कधी वाटलं नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं. प्रतिकार केला नाही, डोळे फक्त मिटून घेतले.

लवंगेचा वास आला. आणि जिनचा. पण जिन माझ्याच तोंडात होती, माझ्या बोटांना होती, अख्ख्या घरात होती. मला काहीच कळत नव्हतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "मला माहीतच होतं तुम्ही पिणार."

बाबांनी डोळे उघडले. "माहीत होतं तर आणलीस कशाला, बाय?"

मी त्यांचा चेहरा सोडला.

"मी प्यायले," मागून आवाज आला.

आई मागच्या दारात उभी होती. पांढरी साडी, पाय घोट्यापर्यंत ओले. ड्युटीवरून आली की ती नेहमी मागच्या दारानं यायची, अंगणात हातपाय धुवायची आणि मगच घरात वावरायची. तिच्या हातात चपला होत्या.

"अगं, तू दहाला येणार होतीस," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"पाध्ये सिस्टरला उद्याची रजा हवी होती, म्हणून आजची माझी तिनं घेतली, उद्याची तिची मी करेन." तिनं चपला खाली ठेवल्या. "दार उघडं होतं. घरात कुणी दिसेना. न्हाणीघरात पाणी चालू. ओट्यावर हे." तिनं ग्लासाकडे बोट केलं. "आधी वाटलं, उचलून भिंतीवर मारावा."

"प्रमिला, मी हात लावला नाही," बाबा म्हणाले. "ही फोनवर गेली, मी एकटा राहिलो, म्हणून कडी लावून आत बसलो. शपथ घेतो."

"कळलं मला. अंगणातून ऐकत होते मी." आई आत आली आणि बाबांनी ओढलेल्या त्या स्टुलावर बसली. तिचं तोंड लाल झालं होतं. "वीस वर्षं ह्याचा वास धुतला मी. शर्टातून, उशीतून, सतरंजीतून. चव कधी घेतली नव्हती. म्हटलं, बघू तरी एकदा काय आहे ते."

बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं, त्याचा धपधप आवाज येत होता.

"हे असं तुम्ही रोज लोकांना करून द्यायचात?" आईनं विचारलं.

"हो."

"असंच?"

"ह्याच्यापेक्षा बरं," बाबा म्हणाले. मग घाईनं, "हिचंही चांगलं झालंय. पहिलाच दिवस आहे."

"चांगलं आहे," आई म्हणाली. "थंड. आधी गोड, मग आंबट, मग छान गार वास." तिचा आवाज एकदम चिरला. "मला वाटायचं, काहीतरी भयंकर असेल. जळजळीत, घाणेरडं. तसं असतं तर बरं झालं असतं हो."

बाबा जमिनीवर बसले. तिच्यासमोर, ओल्या कपड्यांनी, भिंतीला टेकून. आई रडत होती आणि ते तिच्या ओल्या पावलांकडे बघत होते. मी ओट्याशी उभी होते आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ह्या दोघांमध्ये मी येऊ नये.

मग आईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"फ्रंट ऑफिस म्हणालीस ना मला?"

"हो."

"खोटं बोललीस."

"हो."

"आणि ह्या माणसासमोर बाटली फोडलीस. चौदा महिने मी कफ सिरपसुद्धा कपाटात कुलपात ठेवलं. तू चावी घेतलीस."

"हो."

मला वाटलं आता ती मारेल. तिनं हात उचललाही. पण तो तसाच खाली आणला आणि टोपण उचललं. उजेडात धरून बघितलं.

"ह्यानं मोजत होतीस? ह्याची रेघ आत आहे का बाहेर, ते तरी बघितलंस का? दर टोपणाला दोन मिली जास्त जाते." तिनं एक उसासा सोडला. "उद्या किती वाजता आहे?"

"अकराला."

"मग अजून एक कर. माझ्यासमोर. मी चव सांगेन. हे सांगतील काय चुकलं."

"प्रमिला," बाबा म्हणाले.

"तुम्ही अंगणात बसा. दारातून बोला."

बाबा अंगणात धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. मी चौथा ग्लास केला. आईनं चमच्यानं चव घेतली, एका चमच्याहून जास्त नाही, आणि डॉक्टरांना रिपोर्ट द्यावा तशी बाहेर सांगत गेली. "गोड पुढे आहे. आंबट उशिरा येतंय." बाहेरून उत्तर यायचं, "पाक कमी कर. आणि लिंबाची बी गेली असेल, बघ." पाचवा. सहावा. सहाव्याला आई काही बोलली नाही, नुसती मान हलवली. बाबांनी बाहेरून विचारलं, "काय झालं? बोल ना." ती म्हणाली, "झालं."

उरलेली बाटली आईनं उचलली आणि दारातून बाबांसमोर धरली. "तुम्ही ओतता?"

बाबांनी बराच वेळ बाटलीकडे पाहिलं. "नको. तूच ओत," ते म्हणाले.

तिनं ओतली. दोन बादल्या पाणी टाकलं. मग साडीही न बदलता आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली आणि तिला लगेच झोप लागली. पाच वाजायचे होते.

पुढचं थोडक्यात सांगते. माझी निवड झाली. मी पुण्याला गेले, तिथून मुंबईला, आणि आता दुसऱ्यांना शिकवते. बाबा आणखी दहा वर्षं जगले. ती जवळजवळ सगळी कोरडी गेली. मध्ये एकदा, मोठे काका गेले तेव्हा, तीन आठवडे घसरले, आणि आईनं मला कळवलंही नाही. सावरल्यावर त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं.

पण मला त्या दिवसाचं जे सांगायचं आहे ते आई झोपल्यानंतरचं.

मी भांडी घासत होते. बाबा आत आले, कोरडा सदरा घालून. त्यांनी फडकं घेतलं आणि मी धुतलेलं एकेक भांडं पुसायला लागले. ग्लासांना मात्र हात लावला नाही. ते मी पुसले. खिडकीतून ऊन तिरकं आत आलं होतं.

"तुमच्या कॉलेजात ट्रेनिंग बार आहे ना?" त्यांनी विचारलं.

माझे हात थांबले.

"आहे."

"तिथं जिन असेल. शेकर असेल. शिकवणारे सर असतील."

"आहेत."

"सुट्टीचे दिवस पण नाहीत हे."

"नाहीत."

ते वाटी पुसत राहिले. कितीतरी वेळ. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"मला पुण्याला जायचं होतं," मी म्हणाले. "आईला तुमच्याजवळ एकटं ठेवून जायचं तर... मला बघायचं होतं."

"ते मला बाटली बघितली तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही निघून का नाही गेलात? शिकवत का बसलात?"

"तुला येत नव्हतं ना," बाबा म्हणाले. "आणि मलाही बघायचंच होतं."

त्यांनी वाटी मांडणीवर पालथी घातली. मी साबणाच्या पाण्यात हात घालून उभी होते. वर बघायचा धीर होत नव्हता.

"मग?" ते हळूच म्हणाले. "झाली खात्री?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी आणखी एक खोटं जड गेलं नसतं.

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली आणि पुढचं भांडं घेण्यासाठी हात पुढे केला.

"मलाही नाही," ते म्हणाले.